साहेबाच्या काळची ‘स्वच्छ मुंबई’? जरा थांबा

चाळकरी: काल इथे एका सद्गृहस्थांनी लिहिलं की दोन महायुद्धांच्या मधल्या काळात मुंबईच्या आरोग्य खात्याचा वचक होता. चाळी बांधल्या, विहिरी झाकायला लावल्या, आज तसाच कडक साहेब हवा. रात्रभर डोकं फिरलंय. त्याच ‘वचका’त १९२१ साली पहिल्या वाढदिवसाआधी दगावणाऱ्या मुलांचा आकडा हजारी साडेसहाशेच्या वर होता. बीडीडीच्या, म्हणजे सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या, ५०,००० खोल्या बांधणार होते, त्यासाठी कापसाच्या गाठीमागे १ रुपया कर बसवला. झाल्या किती? २०७ चाळी, साधारण १६,००० खोल्या. वरळीतल्या कित्येक रिकाम्याच राहिल्या. १९३० मध्ये सत्याग्रही कोंडायला मात्र बऱ्या सापडल्या!

हिशेबनीस: तो आकडा फेकण्याआधी जरा विचार करा. बायका बाळंतपणाला कोकणात जायच्या. जन्माची नोंद गावी, मूल दगावलं की नोंद मुंबईत. हजारी आकडा फुगणारच.

कोकणी_काकू: फुगलेला म्हणे! माझ्या आजेसासूबाईंची दोन मुलं परळच्या खोलीत गेली. दहा बाय बाराची खोली, माणसं अकरा. गिरणीच्या भोंग्याला उठायचं म्हणून तान्ह्याला अफूची बाळगोळी देऊन निजवायचं. हे कुठल्या रकान्यात लिहिता?

हिशेबनीस: काकू, मी हे नाकारलं कुठे? ‘फुगलेला’ म्हणजे खोटा नव्हे.

गच्चीवरचा: चाळी राहू द्या, विहिरींचं बोला. १९११ साली मलेरियाची चौकशी करणाऱ्या डॉ. बेंटलेंनी सांगितलं की मलेरियाचा स्टीफेन्साय डास विहिरींत वाढतो. १९२८ ला मलेरियातज्ज्ञ कोव्हेल आले, त्यांनीही तेच सांगितलं. तरी लोकांचं म्हणणं, पूजेच्या पाण्याला ऊन लागलं पाहिजे, झाकायचं नाही. शेवटी जाळीच्या झडपेवर तडजोड. धर्म जिंकला, डासही जिंकला.

चाळकरी: नळाला पाणी नसताना विहिरी बुजवणं सोपं, नाही का? आणि तबेले? शहरातल्या म्हशी १९४९ नंतर आरेत जायला लागल्या. तोवर परवान्याच्या पाटीखाली शेण होतंच की.

गच्चीवरचा: विहीर-विहीर करून आमच्या पालिकेचा माणूस परवा माझ्या तुळशीच्या कुंडीखालची ताटली उपडी करून गेला, नोटीस चिकटवून! समोरच्या बांधकामाच्या खड्ड्यात मात्र बेडूक पोहतायत.

कोकणी_काकू: ताटली उपडी केली ते बरंच झालं. मागच्या पावसाळ्यात तुमच्याच सोसायटीत डेंग्यूचे चार रुग्ण होते ना?

गच्चीवरचा: तीन. चौथा टायफॉइडचा निघाला.

हिशेबनीस: म्हणजे तुम्हीही आकडे दुरुस्त करता!

चाळकरी: बरं, कोव्हेलचं डासांचं बरोबर होतं, मान्य. सद्गृहस्थ मात्र अजून ‘टायपिंग’ दाखवतायत.