शास्त्रज्ञाचं काम कागदावर मोजायचं की बागेत?

गंगापूररोडकर
परवा नाशकात द्राक्ष बागायतदारांचं चर्चासत्र होतं. पाहुणे कृषी आणि पर्यावरण विषशास्त्रातले ज्येष्ठ शास्त्रज्ञ. ओळख करून देणाऱ्यानं शोधनिबंध किती, सायटेशन (दुसऱ्यांच्या निबंधांत झालेले उल्लेख) किती, एच-इंडेक्स किती, जगातल्या 'टॉप 2 टक्के' शास्त्रज्ञांच्या यादीत नाव कसं आलं, सगळं वाचून दाखवलं. मागच्या रांगेतून एक जण म्हणाला, "साहेब, यातलं आमच्या बागेत काय आलं?" हशा झाला, पाहुणेही हसले आणि उत्तर राहूनच गेलं.

मला तो प्रश्न रास्त वाटतो. एच-इंडेक्स 20 म्हणजे किमान 20-20 वेळा उल्लेख झालेले 20 निबंध. हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं 2005 मध्ये काढलेलं हे माप. इतर शास्त्रज्ञांनी दखल घेतली, एवढंच त्यातून कळतं. शेतीच्या शास्त्रज्ञाला ते लावूच नये. निफाडचा शेतकरी सायटेशन देत नसतो.

प्रयोगशाळेतली
मग काय लावायचं दादा, टाळ्या? त्या तर बाटलीवर नाव नसलेलं टॉनिक विकणाऱ्या सल्लागारालाही मिळतात.

पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात कौशिक बॅनर्जी यांच्या गटानं इथिल ॲसिटेट वापरून द्राक्षातले अनेक कीडनाशकांचे अंश एका दमात शोधायची पद्धत 2007 मध्ये प्रसिद्ध केली. निबंधाचं नाव वाचून झोप येईल. पण युरोपला माल लावताना हातात जो रेसिड्यू रिपोर्ट, म्हणजे अंश तपासणीचा अहवाल, असतो, त्यावर समोरच्यानं विश्वास का ठेवायचा? पद्धत छापली गेली, दुसऱ्यांनी ती तपासली, म्हणूनच ना? तुमच्या बागेत आलंय ते. दिसत नाही, एवढंच.

निफाडचा बागायतदार
ताई, 2010 चा हंगाम आठवतो का? तुम्ही तेव्हा शाळेत असाल. क्लोरमेक्वाट क्लोराइड हे वाढ रोखणारं औषध, आम्ही सीसीसी म्हणतो. खरड छाटणीनंतर (एप्रिलच्या) शेंडा थांबावा, काडीत घड धरावा म्हणून सगळेच मारायचे. आपल्याकडचे रिपोर्ट ओके. माल तिकडे पोचला आणि युरोपच्या 0.05 च्या मर्यादेत बसेना. का, तर आपल्या तपासणीच्या यादीत ते औषधच नव्हतं! भाव पडले, कर्जं अंगावर आली. पद्धती होत्या, निबंध होते, यंत्रं होती. काय उपयोग?

प्रयोगशाळेतली
काका, नुकसान झालं ते खरंच, त्यावर वाद नाही. पण यादीत काय घ्यायचं हा निर्णय निबंध लिहिणारा एकटा घेत नाही. आणि 0.05 म्हणजे काय ते बघा: किलोमागे 0.05 मिलिग्रॅम, म्हणजे 20 टन द्राक्षांत मिळून 1 ग्रॅम. छाटणीनंतर मारलेलं औषध वेलीत राहतं आणि पुढं मण्यात उतरतं, हेही कुणीतरी मोजलं म्हणूनच कळलं.

दिंडोरी कृषी सेवा
दुकानदाराचं ऐका थोडं. लेबलवर काढणीपूर्व किती दिवस फवारणी बंद ठेवायची ते छापलेलं असतं. विचारणारे हाताच्या बोटावर मोजण्याइतके. बाकीचे फोटो दाखवून म्हणतात, "शेजाऱ्यानं मारलं तेच द्या." शास्त्रज्ञाच्या नावानं बोटं मोडणं सोपं आहे.

मखमलाबादचा डॉक्टर
तुम्ही सगळे फळातल्याच अंशाबद्दल बोलताय. द्राक्ष खाणारा हजारो मैलांवर, त्याच्या ताटात किती गेलं याचा दशांश चिन्हापर्यंत हिशोब. ब्लोअर, म्हणजे फवारणीचं यंत्र, चालवणाऱ्याच्या अंगात किती गेलं?

2017 ला यवतमाळात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर मेले, तेव्हा चार दिवस चर्चा झाली. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांचा परिणाम रक्तातल्या कोलिनएस्टरेज या एन्झाइमवरून कळतो. ही काही नवी तपासणी नाही. पण हंगामाआधी एकदा, नंतर एकदा, असं कुठल्या बागेत होतं? माझ्याकडे माणूस येतो तो "मळमळतंय, डोकं दुखतंय" म्हणून, आणि सोबतचा म्हणतो ऊन लागलं असेल. शास्त्रज्ञाच्या कामाची यादी वाचायची तर मी आधी हे बघेन: मोजलं कुणाला? फळाला, मातीला, उंदराला, की माणसाला?

गंगापूररोडकर
डॉक्टर, हेच तर माझं म्हणणं!

प्रयोगशाळेतली
नाही दादा, हे तुमच्या उलट आहे. मजुरांच्या रक्ताचा अभ्यास करायचा तर वर्षानुवर्षं नमुने, परवानग्या, मध्येच गाव सोडून गेलेली माणसं. निबंध एखाद-दुसराच निघणार, म्हणजे तुमच्या त्या ओळखीत तो माणूस फिकाच पडणार. आणि बागेत काय आलं म्हणाल, तर एक मणीसुद्धा वाढणार नाही. मागच्या रांगेतला काय विचारेल मग? दोन्ही मापांत नापास होणारं काम आहे हे. एच-इंडेक्सवर माझाही जीव नाही, पण 'फायदा काय' हे माप त्याहून आखूड आहे.

गंगापूररोडकर
फायद्यात मजुराचा जीव धरलाच पाहिजे, मी कुठं नाही म्हटलं? पण असं काम करणाऱ्याला व्यासपीठावर बोलावतं कोण? संयोजकांना यादी लांब लागते.

निफाडचा बागायतदार
तो वाद तुमचा चालू द्या. डॉक्टरसाहेब, माझ्याकडे ट्रॅक्टरवर दोन पोरं असतात. ऑक्टोबरची गोडी (फळ) छाटणी झाली की डाउनी, भुरी या रोगांसाठी, थ्रिप्स किडीसाठी एकामागून एक फवारण्या लागतात. ही तपासणी कधी करायची?

मखमलाबादचा डॉक्टर
पहिल्या फवारणीच्या आधी. प्रत्येकाची मूळ पातळी वेगळी असते, ती माहीत नसेल तर नंतर आलेल्या आकड्याचा नीट अर्थ लागत नाही. छाटणीच्या आधीच पाठवा दोघांना.