एसएसएच टनेलमधून जावा डीबगर जोडला जाईना, हँडशेकलाच तुटतंय – मदत हवी आहे

धागाकर्ता:
मंडळी, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. बसतो राजारामपुरीत. भरलेला ट्रक काट्यावर चढला की मधूनच चलनावर वजन शून्य उमटतं. माझ्याकडं काटा नाही, त्यामुळं इथं ते कधी घडत नाही. लॉग वाचून डोळे गेले. म्हणून चालू प्रोग्रॅमलाच इथून डीबगर (प्रोग्रॅमच्या आत डोकावायचं साधन) लावायचाय.

तिकडं ऑफिसात उबुंटूचं मशिन, त्यात डॉकर, त्याच्या कंटेनरमध्ये (प्रोग्रॅमची वेगळी बंद पेटी) स्प्रिंग बूटवरचं जावा सॉफ्टवेअर. स्टॅटिक आयपी आहे, राउटरवर फक्त एसएसएच (दूरच्या मशिनला सुरक्षित जोडणी) फॉरवर्ड केलंय. कंपोज फाइलमध्ये (डॉकरची सेटिंग) ५००५ पोर्ट होस्टच्या, म्हणजे उबुंटूच्या, १२७.०.०.१ वर (लोकलहोस्ट, मशिनचा स्वतःपुरता पत्ता) पब्लिश केलाय आणि जावाला जेडीडब्ल्यूपीचा (डीबगर जावाशी बोलतो तो प्रोटोकॉल) पर्याय देताना अ‍ॅड्रेसमध्ये नुसतं ५००५ लिहिलंय. इथून एसएसएचला कॅपिटल एलचा पर्याय देऊन माझा ५००५ तिकडच्या ५००५ ला जोडतो, तोच टनेल.

डीबगर ज्यात चालवतो ते इंटेलिजे म्हणतंय, 'हँडशेक फेल्ड, कनेक्शन प्रीमॅच्युअरली क्लोज्ड', म्हणजे जोडताना पहिली ओळखच पटेना. टेलनेटला मात्र 'कनेक्टेड' येतं आणि लगेच बंद पडतं. जावा ८ होतं तोवर हीच फाइल बिनतक्रार चालायची, आता १७ आहे. तिकडची फायरवॉल बंद करून बघितली, काही फरक नाही. नेमकं अडतंय कुठं?

तांबडापांढरा:
टनेलची भानगड सोड भावा. राउटरवर ५००५ च सरळ फॉरवर्ड कर, विषय संपला.

रंकाळाकाठ:
वरचा सल्ला कृपया ऐकू नका! जेडीडब्ल्यूपीला पासवर्ड नसतो, एन्क्रिप्शन नसतं. जो जोडला जाईल त्याला त्या जेव्हीएममध्ये (जावा चालवणारं इंजिन) हवा तो कोड चालवता येतो. उघडे पोर्ट हुडकणारे बॉट इंटरनेटवर कायम फिरत असतात. फायरवॉल परत चालू करा, आणि होस्टवरचं १२७.०.०.१ तसंच राहू दे. डॉकरनं सगळ्या इंटरफेसवर पब्लिश केलेला पोर्ट यूएफडब्ल्यूच्या (उबुंटूची फायरवॉल) नियमांना बगल देऊन बाहेर दिसतो, हे बऱ्याच जणांना उशिरा कळतं.

पोर्टमास्तर:
टेलनेटच्या 'कनेक्टेड'वर जाऊ नका. तुमच्या लॅपटॉपवर ५००५ ऐकत बसलंय ते एसएसएचच, जावा नव्हे. पलीकडं होस्टवर ऐकतोय डॉकरचा प्रॉक्सी. गेटवरचा वॉचमन 'या' म्हणाला म्हणजे आतले साहेब भेटले असं होत नाही ना, तसंच.

आता एकेक टप्पा सोडवू. एसएसएचच्या टर्मिनलवर 'ओपन फेल्ड' असं काही येतंय का? येत नसेल तर टनेल ठीक आहे. मग खुद्द त्या उबुंटूवर जाऊन नेटकॅटनं (टेलनेटसारखंच साधन) ५००५ ला जोडा आणि इंग्रजीत 'जेडीडब्ल्यूपी-हँडशेक' हे प्रोटोकॉलचं १४ अक्षरांचं वाक्य पाठवा (लघुरूप कॅपिटलमध्ये, पुढं डॅश आणि हँडशेक, त्याचा एच कॅपिटल). जावा जागेवर असेल तर तीच अक्षरं परत येतात. तिथंही तुटलं तर दोष कंटेनरच्या आत.

माझा संशय जावाच्या आवृत्तीवर आहे. ८ पर्यंत नुसता पोर्ट दिला की जेव्हीएम सगळ्या इंटरफेसवर ऐकायचं. ९ पासून ते फक्त लोकलहोस्टवर ऐकतं, आणि कंटेनरचा लोकलहोस्ट म्हणजे कंटेनरचाच. होस्टकडून आलेलं कनेक्शन तिथं पोचतच नाही. अ‍ॅड्रेसमध्ये ५००५ च्या आधी तारा (*) आणि कोलन घाला, कंटेनर नव्यानं उभा करा. हा तारा कंटेनरपुरताच, होस्टचं १२७.०.०.१ बदलू नका.

धागाकर्ता:
'ओपन फेल्ड' नव्हतं. होस्टवरून हँडशेक पाठवला, तिथंही तुटला. तारा-कोलन घातलं आणि पहिल्या झटक्यात जोडलं. नाद खुळा! धन्यवाद मास्तर.

पण आता नवीनच. ब्रेकपॉइंटला (कोडमधली थांबायची खूण) थांबलं की अख्खं सॉफ्टवेअर थांबतंय. काट्यावर ट्रकांची रांग, आणि सुपरवायझरचा फोन वाजायलाय.

पोर्टमास्तर:
ब्रेकपॉइंटवर राइट क्लिक करा. सस्पेंड 'ऑल' असेल, ते 'थ्रेड' (प्रोग्रॅममध्ये समांतर चालणारं एक काम) करा. पण काट्याचं वजन येतं तो सिरियल पोर्ट वाचणाराच थ्रेड थांबवलात तर काटा तरीही अडणार. त्यापेक्षा सस्पेंडची खूणच काढा आणि 'इव्हॅल्युएट अँड लॉग'मध्ये आलेले बाइट छापायला सांगा. प्रोग्रॅम न थांबता हवं ते दिसेल. शून्य येतं तेव्हा वजनाची ओळ पूर्ण यायच्या आधीच वाचली जातेय का, तेवढं आधी बघा.

रंकाळाकाठ:
आणि काम झालं की कंपोजमधून तो डीबगचा पर्याय काढा. टनेल मध्येच गळत (तुटत) असेल तर एसएसएचचं सर्व्हर अलाइव्ह इंटरव्हल ६० सेकंद ठेवा.

धागाकर्ता:
चालतंय. संध्याकाळच्या पाळीला ट्रक जास्त असतात, तेव्हा बाइट छापून इथंच टाकतो.