मदत हवी आहे: चिमणीच्या आंघोळीचे संथगती चित्रण धक्के न खाता कसे मिळवावे?

नमस्कार. पसरट भांड्यातल्या पाण्यात आंघोळ करणाऱ्या चिमणीचे चित्रण मला संथगतीत दाखवायचे आहे आणि तिथेच अडलो आहे. माझा डिजिटल व्हिडिओ कॅमेरा १०८० रेषांचे, सेकंदाला ५० फील्डचे इंटरलेस्ड चित्रण करतो, म्हणजे प्रत्येक फ्रेम (पूर्ण चित्र) एकाआड एक रेषा असलेल्या दोन अर्ध्या चित्रांची, म्हणजेच फील्डची, बनते. संकलनात वेग २५ टक्क्यांवर आणताच चित्र ठेचकाळू लागले. सेकंदाला मुळात २५ फ्रेम असल्याने प्रत्येक फ्रेम चार वेळा दिसते, हे त्याचे कारण मला समजते. फ्रेम ब्लेंडिंग (शेजारच्या फ्रेम एकमेकींत मिसळणे) केले, तर एका पंखाचे दोन फिकट पंख होतात. ऑप्टिकल फ्लोमुळे (हालचालीचा अंदाज घेऊन मधल्या नव्या फ्रेम बनवण्याची पद्धत) मान वळवण्याची हालचाल सुरेख सलग झाली. पण पंख झटकताना उडालेले थेंब लांबट होऊन पिसांत विरघळल्यासारखे दिसतात, कारण या फ्रेममधला थेंब पुढच्या फ्रेममध्ये नेमका कोणता, हे सॉफ्टवेअरला जुळवता येत नाही.

त्यानंतर दोन्ही फील्ड वेगळी करून मिळालेली ५० चित्रे मी २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर निम्म्या वेगाने बसवली. हालचाल सलग दिसली आणि तीत एकही बनावट फ्रेम नव्हती, हे मला फार मोलाचे वाटते. मात्र प्रत्येक फील्डमध्ये ५४० रेषाच असतात आणि लागोपाठची फील्ड एका रेषेने वरखाली असतात. त्यामुळे भांड्याचा स्थिर काठ सतत थरथरतो. स्थिर भागात दोन्ही फील्डच्या रेषा एकत्र ठेवणारी डीइंटरलेस (फील्डपासून पूर्ण फ्रेम बनवण्याची) पद्धत वापरली, तेव्हा काठ शांत झाला, परंतु पाण्याच्या तरंगांवर कंगव्यासारखे दाते उमटले. हे दोन्ही दोष टाळणारी पद्धत कोणी वापरली आहे का?

कॅमेऱ्यात ७२० रेषांचे, सेकंदाला ५० पूर्ण फ्रेमचे प्रोग्रेसिव्ह चित्रणही करता येते. निम्म्या वेगासाठी तेच अधिक योग्य असावे, असा माझा कयास आहे. तरी ते १०८० पर्यंत मोठे केल्यावर पिसांचा तपशील कितपत टिकतो, हे अनुभवी सदस्यांनी सांगावे.

शटर स्पीडविषयीही (प्रत्येक चित्रासाठी प्रकाश आत घेण्याचा वेळ) मार्गदर्शन हवे आहे. १/५० सेकंदाला पंखांचा नुसता पट्टा दिसतो. १/५०० ला थेंब गोल आणि स्वच्छ येतात, परंतु १/१०० च्या तुलनेत प्रकाश एक-पंचमांशच मिळतो आणि कोवळ्या उन्हात चित्र दाणेदार होते. पुढे ऑप्टिकल फ्लोने वेग २५ टक्क्यांवर न्यायचा असेल, तर यांतील कोणता शटर स्पीड घ्यावा? चिमणी रोज येते, त्यामुळे सुचवलेल्या बदलानुसार पुन्हा चित्रण करून पाहणे मला शक्य आहे.