पंधरा दिवसांची गोळी सहा वर्षं चालली. चूक कुणाची?

अर्धाकप

२०१७ चा जून. ठाण्याहून सुटलेली जलद लोकल मुलुंडच्या पुढे सिग्नलला थांबली आणि मला वाटलं, संपलं. छातीत धडधड, हात गार, घसा आवळल्यासारखा. घाटकोपरला कसाबसा उतरून फलाटावर बसलो. एका कॉलेजच्या पोराने बाटली पुढे केली, ‘काका, पाणी घ्या.’ मी तेव्हा चाळिशीचाही नव्हतो, ते ‘काका’ मात्र अजून लक्षात आहे.

ईसीजी, टू-डी इको, थायरॉइड, सगळं नॉर्मल. फॅमिली डॉक्टर म्हणाले, ‘काही नाही, टेन्शन आहे.’ अल्प्राझोलम, घबराट शमवणारी गोळी, ०.२५ मिलिग्रॅम, रात्री एक, पंधरा दिवस. पहिल्याच रात्री अशी झोप लागली की सकाळी बायकोला म्हटलं, हे आधी कुणी का नाही दिलं?

पंधरा दिवसांनी परत गेलो. ‘बरं वाटतंय ना? मग चालू ठेवा.’ त्यानंतर मी गेलोच नाही, गोळी मात्र येत राहिली. ०.२५ ची ०.५ कधी झाली ते आठवतं, ऑडिटच्या आठवड्यात. सकाळची दुसरी बदलीची ऑर्डर आली तेव्हा सुरू झाली. दुपारची तिसरी कधी सुरू झाली ते आठवत नाही, आणि आता मागे वळून बघताना त्याचीच जास्त भीती वाटते. घरातून निघताना पाकीट, पास, मोबाइल आणि स्ट्रिप चाचपायची. कित्येकदा गोळी न घेता नुसती खिशात आहे एवढ्यानेच बरं वाटायचं.

२०२३ मध्ये मेहुणीच्या लग्नाला गडहिंग्लजला गेलो आणि स्ट्रिप ठाण्यालाच राहिली. पहिली रात्र टक्क जागा. दुसऱ्या दिवशी पंगतीत आमटी वाढायला घेतली तर हात इतके थरथरायला लागले की पातेलं मेहुण्याने काढून घेतलं. भांड्यांचा आवाज डोक्यात जात होता, अंग घामाने निथळत होतं. सासरेबुवांना वाटलं, जावई रात्री कुठेतरी ‘बसला’ असणार. मी तो समज तसाच राहू दिला. त्यात लाज कमी होती.

परत आल्यावर पहिल्यांदा मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी समजावलं की ही गोळी लवकर चढते आणि लवकर उतरते. रक्तातलं तिचं प्रमाण साधारण अकरा-बारा तासांत निम्मं होतं, म्हणून शरीर लगेच पुढची मागतं. त्यांनी सावकाश उतरणाऱ्या औषधावर नेलं आणि तिथून थोडं थोडं कमी करत आणलं. चौदा महिने झाले, अजून पाव गोळी शिल्लक आहे. डोसाचं वेळापत्रक मुद्दाम देत नाही, कुणीतरी तसंच्या तसं उचलेल.

मी कधी नशेसाठी गोळी घेतली नाही. पहिल्या चिठ्ठीवर मुदत होती, त्या ‘चालू ठेवा’ला नव्हती. डॉक्टर, केमिस्ट आणि मी अशी वाटणी करायची तर माझ्या हिशोबात निम्म्याहून जास्त दोष डॉक्टरांकडे जातो. बोला.

शेवंती_

अनुभव प्रामाणिक आहे, पण धाग्याचं शीर्षक वाचून मला धडकी भरली. आज रात्री कुणीतरी हे वाचणार आणि उद्यापासून स्वतःच्या मनाने सगळ्या गोळ्या बंद करणार.

मी पाच वर्षं एस्सिटालोप्राम हे डिप्रेशनचं औषध घेतेय. त्याआधीचं वर्ष मी फक्त छताकडे बघून काढलं होतं. ते औषध परिणाम दाखवायला दोन-चार आठवडे घेतं, लगेच ‘शांत’ वाटत नाही, आणि त्याचा डोस मला कधी वाढवावासा वाटला नाही. तेही एकदम बंद केलं तर चक्कर येते, डोक्यात करंट गेल्यासारखं होतं, हे मान्य. पण ते आणि अल्प्राझोलम एका माळेचे मणी नाहीत. आपल्याकडे सगळ्यालाच ‘डोक्याची गोळी’ म्हणतात आणि मग एकीच्या पापाची शिक्षा दुसरीला. माझ्या सासूबाई अजून विचारतात, ‘अगं, सवय लागेल ना?’

अर्धाकप

ताई, हा फरक मी वरच लिहायला हवा होता. मान्य.

रानभैरी

माफ करा, पण आपल्या आज्या-पणज्यांनी प्लेग पाहिला, दुष्काळ पाहिले, त्यांनी कुठे गोळ्या घेतल्या? पहाटे उठा, अनुलोम-विलोम, रात्री दुधातून अश्वगंधा. माझी झोप तीन आठवड्यांत सुधारली. मन खंबीर लागतं.

शेवंती_

आमच्या पणजीच्या अंगात यायचं. दर अमावास्येला. तेव्हा त्याला काय म्हणायचे ते तुम्हाला माहीत असेलच. प्राणायाम मीही करते, गोळीच्या जागी नव्हे.

खलबत्ता

मी केमिस्ट आहे, सांगलीकडचा. आमच्यावर आलंच आहे तर काउंटरच्या या बाजूचंही ऐका.

१ मार्च २०१४ पासून अल्प्राझोलम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोलपिडेम ही औषधं शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या कडक यादीत आहेत. पाकिटावर लाल चौकट, लाल अक्षरात आरएक्स. विकताना वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि नग लिहायचे, रजिस्टर तीन वर्षं जपायचं. कागदावर चोख आहे. प्रत्यक्षात माणूस कापलेल्या स्ट्रिपचा तुकडा घेऊन येतो, त्यावर नाव निम्मंच उरलेलं असतं. म्हणतो, ‘हीच द्या, दहा.’ नाही म्हटलं तर समोरच्या दुकानात जातो आणि पुढच्या महिन्याची बीपीची, शुगरची यादीही तिकडेच जाते.

एक काकू माझ्याकडे येतात, त्यांची चिठ्ठी लॅमिनेट केलेली आहे. खरंच. रेशनकार्डासारखी. लिहून देणारे डॉक्टर वारले त्यालाही काही वर्षं झाली. मी कितीतरी वेळा गोळ्या दिल्यात त्यांना. नाही म्हणायची हिंमत झाली नाही, त्या माझ्या शाळेतल्या बाई आहेत.

दुसरी बाजूही आहे. मालेगावकडे हीच अल्प्राझोलम ‘कुत्ता गोळी’ म्हणून नशेला विकली जाते, तेलंगणात ताडीत मिसळतात. अशी एखादी बातमी आली की तपासणी कडक होते. मग दोन-तीन महिने आम्ही ही औषधं ठेवतच नाही, आणि खरा पेशंट तालुकाभर फिरतो. त्यात ज्याची गोळी दोन दिवस चुकते त्याचं काय होतं, ते अर्धाकप यांनी पंगतीत दाखवलंच.

डोंगरवाट

एमडी मेडिसिन, तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस. दोषाचा मोठा वाटा आमच्या पदरात पडला आहे म्हणून लिहितो.

सकाळच्या ओपीडीत सत्तर-ऐंशी माणसं असतात. तुमच्यासारखा घाबरलेला पेशंट आला की आधी हार्ट अटॅक नाही ना हे बघायचं. त्यानंतर माझ्याकडे चार मिनिटं उरतात. मानसोपचारतज्ज्ञ जिल्ह्याच्या गावी, एसटीने दीड तास, आणि ‘तिकडे जा’ म्हटलं की नातेवाईक चिडतात, ‘आमचा माणूस वेडा आहे का?’ देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही धड नाही. त्या रात्री पेशंटला झोप हवी असते आणि ती देणारी गोळी माझ्या हातात असते. मी लिहितो. पुन्हा वेळ आली तर पुन्हा लिहीन, कारण थोड्या दिवसांसाठी ते चांगलं औषध आहे. साधारण दोन ते चार आठवडे, त्याहून जास्त नको, हे आम्हाला सगळ्यांना शिकवलेलं असतं.

एक शब्द स्पष्ट करतो. तुम्हाला झालं ते अवलंबित्व, व्यसन नव्हे. मेंदूत गाबा नावाचं रसायन असतं, ते ब्रेकसारखं काम करतं. या गोळ्या त्या ब्रेकवर पाय ठेवतात. महिनोनमहिने पाय ठेवला की मेंदू स्वतःचा ब्रेक सैल करतो. मग तुम्ही एकदम पाय काढता तेव्हा गाडी उतारावर असते. म्हणून थरथर, घाम, झोप नाही, आणि डोस मोठा असेल तर फिटसुद्धा येऊ शकते. यात चारित्र्याचा प्रश्न नाही. पण डोस तुम्ही स्वतः वाढवलात, तीनदा. तेव्हा मी तिथे नव्हतो.

अर्धाकप

डॉक्टरसाहेब, शब्द मान्य, शेवटचं वाक्यही मान्य. पण त्या चार मिनिटांत ‘एक महिन्यावर घेऊ नका, नाहीतर सोडताना त्रास होईल’ हे वाक्य दहा सेकंदांचं आहे. अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण करा हे मला प्रत्येक वेळी बजावलं गेलंय. इथे कोर्स संपवा हे एकदाही नाही. आणि ब्रेकचं उदाहरण मला त्या दिवशी कुणी दिलं असतं तर मी ऑडिटच्या आठवड्यात निदान विचार केला असता.

डोंगरवाट

बरोबर आहे. दहा सेकंद होते माझ्याकडे.

निरांजन७१

मला कुणाशी वाद घालायचा नाही, फक्त आईचं सांगते. वय एकाहत्तर, नाशिकला एकटी. बाबा गेले तेव्हा झोपेसाठी नायट्राझेपाम सुरू झाली, नऊ वर्षं चालली. ती पहाटे बाथरूमला जाताना पडली, खुबा मोडला. तिथपर्यंत सगळ्यांच्या घरी घडतं तसंच.

दवाखान्यात ‘कुठली औषधं चालू आहेत?’ असं विचारलं तेव्हा मी बीपीची सांगितली, कॅल्शियम सांगितलं, ‘झोपेची गोळी’ सांगितलीच नाही. लपवली नाही. मला ते औषधच वाटत नव्हतं. ते तिच्या उशाशी तांब्या-भांड्याशेजारी असायचं. ऑपरेशन नीट झालं. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी ती भिंतीवरच्या माणसांशी बोलायला लागली, सलाइन ओढून काढलं, मला ‘तू कोण’ म्हणाली. मावशीने अंगारा आणला. भुलेचा परिणाम, वयाचा परिणाम, सोडियम, सगळं तपासून झालं. शेवटी रात्रपाळीच्या सिस्टरने विचारलं, ‘घरी झोपेची गोळी घेत होत्या का?’

गोळी परत सुरू केल्यावर दोन दिवसांत ती ‘आई’ झाली. आता अगदी हळूहळू कमी करतोय. पडली ती गोळीच्या गुंगीत की नुसत्या ओल्या फरशीवर, ते मला कधीच कळणार नाही.

पाणकावळा

सगळ्यांशी असहमत, म्हणून उशिरा लिहितोय.

मी क्लोनाझेपाम ०.२५ घेतो, अल्प्राझोलमच्याच जातीची गोळी, अकरा वर्षं. डोस एकदाही वाढवलेला नाही. दर तीन महिन्यांनी माझ्या मानसोपचारतज्ज्ञांना भेटतो. आधी दोन अँटिडिप्रेसंट करून पाहिली, एकाने वजन बारा किलो वाढलं, दुसऱ्याने लैंगिक आयुष्य संपलं. समुपदेशन दीड वर्ष केलं, उपयोग झाला, पुरला नाही. या पाव मिलिग्रॅमवर मी नोकरी करतो, मुलीला क्लासला सोडतो, पूल ओलांडून गाडी चालवतो. सोडायचा प्रयत्न दोनदा केला. दोन्ही वेळा डॉक्टरांच्या देखरेखीखाली, सावकाश. दोन्ही वेळा जुना आजार परत आला, आणि तो ‘विड्रॉवल’, म्हणजे गोळी सोडतानाचा त्रास, नव्हता, कारण सहा महिन्यांनंतरही तसाच होता.

मग मी ‘अडकलेला’ आहे का? असेन. डायबेटिसवाला इन्सुलिनमध्ये अडकलेला असतो तसा. इथे प्रत्येक गोष्टीचा शेवट ‘सोडली’ किंवा ‘सोडतोय’ असाच का लागतो?

अर्धाकप

इन्सुलिनचं उदाहरण मला पटत नाही. इन्सुलिन शरीरात मुळात कमी असतं, क्लोनाझेपाम नसतं. पण तुमच्या बाबतीत दर तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतं, ‘अजून हवी का?’ मला सहा वर्षांत कुणी विचारलं नाही. आपल्या दोघांत खरा फरक तो आहे, असं मला वाटतं.

पाणकावळा

मग धाग्याचं शीर्षक तसं द्यायचं होतं.

हडसनकाठ

न्यू जर्सीतून. इकडे उलटी गंगा वाहते. सप्टेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, अल्प्राझोलम-क्लोनाझेपामच्या जातीच्या सगळ्या औषधांच्या पत्रकावरचा चौकटीतला इशारा वाढवून त्यात गैरवापर, अवलंबित्व, सोडतानाचा त्रास हे सगळं घातलं. हेतू चांगला. पण काही डॉक्टरांनी हातच झटकले. माझ्या ओळखीतल्या एका मराठी बाईंचे जुने डॉक्टर निवृत्त झाले, नवीन डॉक्टर म्हणाले, ‘मी ही लिहीत नाही.’ संपलं. तीस दिवसांच्या गोळ्या आणि शुभेच्छा. त्याच इशाऱ्यात अचानक बंद करू नका, सावकाश उतरवा, असंही लिहिलेलं आहे, ते वाचायचा त्रास कुणी घेतला नाही. बाई शेवटी इमर्जन्सीत गेल्या. तेव्हा ‘डॉक्टर घाबरले पाहिजेत’ असं तुमच्यापैकी कुणाला वाटत असेल तर जरा जपून मागा.

शेवंती_

अजून एक, वर कुणी लिहिलं नाही म्हणून. आपल्याकडे एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत मिळतात. ब्रँडच्या नावापुढे नुसतं ‘प्लस’ असतं. माझी एक मैत्रीण शपथेवर सांगायची की ती ‘फक्त डिप्रेशनची’ घेते. स्ट्रिप मागून वाचली तेव्हा ०.५ क्लोनाझेपाम निघालं, चार वर्षांचं. तेव्हा ज्यांना हे लागू आहे त्यांनी उद्या स्ट्रिप उलटी करून बघा. आणि बघितल्यावर लगेच बंद करू नका! डॉक्टरांना विचारा.

डोंगरवाट

शेवंतीताईंना दुजोरा. ज्यांच्या जवळपास तज्ज्ञ नाही त्यांनी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लावा, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि या गोळीवर दारू अजिबात नको. दोन्ही मिळून झोपेत श्वास मंद करू शकतात. रानभैरी, तुमची अश्वगंधा चालू असेल तर तीही डॉक्टरांना सांगा, तिनेही गुंगी वाढू शकते.

रानभैरी

सांगतो. मावशींचा अंगारा वाचून मलाच जरा कसंतरी झालं.

खलबत्ता

काल त्या बाई आल्या होत्या. लॅमिनेट कार्ड घेऊन. म्हटलं, बाई, या वेळी पंधराच देतो, आणि गुरुवारी जिल्ह्याचे मानसोपचारतज्ज्ञ इथे ग्रामीण रुग्णालयात येतात, मी सोबत येतो. चष्म्याच्या वरून बघितलं मला, नववीत बघायच्या तसं. ‘तू मला वेडी ठरवतोस का रे?’ कार्ड पर्समध्ये घातलं आणि गेल्या. समोरच्या दुकानात गेल्या का, ते मी मुद्दाम बघितलं नाही.

निरांजन७१

गुरुवारी पुन्हा विचारा, दादा. माझी आईही आधी अशीच चिडली होती.

अर्धाकप

खलबत्ता, एक कामाचा प्रश्न. पाव गोळीची आता अर्धी पाव करायला सांगितलीय. ब्लेडने कापतो तर चुराच होतो, रोज कमी-जास्त पडते.

खलबत्ता

ब्लेड नको, गोळी कापायचा कटर मिळतो, प्लास्टिकचा, डबीसारखा. आणि तुमची जिभेवर विरघळणारी आहे का बघा, ती कापताना भुगाच होते. साधी लिहून घ्या, त्यांना सांगा मी म्हटलंय म्हणून नको, तुम्हाला त्रास होतोय म्हणून.