एआयचे शब्द समजून घ्यायचेत, सुरुवात कुठून करू? (फुकट हवं)

निवांत_वाचक: हल्ली प्रत्येक मीटिंगमध्ये टोकन, आरएजी, एजंट असलं काय काय चालू असतं आणि मी नुसती मान डोलावतो. कोडिंग शिकायचं नाहीये, फक्त शब्द कळले पाहिजेत. पैसे घालवायचे नाहीत, वेळही फार नाही. काय वाचू?

जीपीयूवाला: सरळ ग्राफिक्स कार्डवाला लॅपटॉप घे, कमीत कमी १६ जीबीचं कार्ड. मी मॉडेल घरीच चालवतो, इंटरनेट बंद करून. पॅरामीटर म्हणजे काय ते मेमरी भरली की आपोआप कळतं.

मीच_ती: "फुकट" वाचलंच नाही वाटतं वरच्यांनी 😀 हेलसिंकी विद्यापीठाचा एलिमेंट्स ऑफ एआय हा ऑनलाइन कोर्स कर, फुकट आहे, कोडिंग लागत नाही. माझं सर्टिफिकेट प्रोफाइलला लावलंय.

अर्धवटराव: पैसे भरून कोर्स अजिबात करू नका. मी भरले होते, निम्मा वेळ "एआय तुमची नोकरी खाणार" आणि शेवटी प्रॉम्प्टची (म्हणजे चॅटबॉटला लिहून द्यायच्या सूचनांची) पीडीएफ हातात. टोकन हा शब्दच आला नाही. तसंही हे सगळं २०२२ नंतरचं फॅड आहे.

मीच_ती: मी फुकटचाच सांगितलाय हो.

बिनकामाचा_इंजिनियर: २०२२ नंतरचं कसलं, एआय हे नाव जॉन मॅकार्थी वगैरे संशोधकांच्या १९५५ च्या प्रस्तावातलं, १९५६ ला अमेरिकेत डार्टमथ कॉलेजला त्यावर कार्यशाळा झाली. एलायझा हा चॅटबॉट १९६६ चा, पण तो हाताने लिहिलेल्या नियमांवर चालायचा, म्हणजे एआय होता पण मशीन लर्निंग नव्हतं. नियम न लिहिता उदाहरणांवरून शिकवलं की मशीन लर्निंग, त्याच्याच पोटात डीप लर्निंग, म्हणजे बऱ्याच थरांचं न्यूरल नेटवर्क (एकमेकांना जोडलेल्या छोट्या छोट्या आकडेमोडींचं जाळं).

आता मीटिंगमधलं "मॉडेल" बहुतेक वेळा एलएलएम (लार्ज लँग्वेज मॉडेल) असतं, ते आधीचा मजकूर बघून पुढचं टोकन कोणतं येईल याचा अंदाज करतं, टोकन म्हणजे शब्द किंवा शब्दाचा तुकडा, आणि पॅरामीटर म्हणजे ट्रेनिंगमध्ये ठरत गेलेले आकडे, २०२० च्या जीपीटी-३ या मॉडेलमध्ये ते १७,५०० कोटी होते. मुळात अंदाजच असल्यामुळे कधीकधी धादांत चुकीचं पण ठासून सांगतं, ते हॅल्युसिनेशन. आरएजी म्हणजे उत्तराआधी तुमच्या कागदपत्रांतून संबंधित उतारे शोधून प्रॉम्प्टसोबत द्यायचे, त्याने हे कमी होतं, बंद होत नाही. एजंट म्हणजे मॉडेलला सर्च, फाइल, ईमेल अशी टूल्स दिली की पुढची पायरी तेच ठरवतं. सध्या कशालाही एजंट म्हणतात ते सोडा.

अर्धवटराव: आणि मराठीला इंग्रजीपेक्षा जास्त टोकन लागतात, तेवढाच मजकूर असला तरी! बिल टोकनवर. हा अन्याय कोणी बोलत नाही.

मीच_ती: इंजिनियरने लिहिलंय त्यातलं मशीन लर्निंग, न्यूरल नेटवर्क कोर्समध्ये आहेच, आणि सर्टिफिकेट मिळतं.

निवांत_वाचक: सगळ्यांचे आभार. कोर्स काही माझ्याच्याने होणार नाही, लॅपटॉप तर नाहीच. मीटिंगच्या नोट्स चॅटबॉटला देऊन त्यालाच अर्थ विचारतो.

बिनकामाचा_इंजिनियर: अरे हॅल्युसिनेशन आत्ताच सांगितलं ना! आणि ऑफिसच्या नोट्स बाहेर टाकू नकोस, नुसता शब्द विचार.

निवांत_वाचक: बरं, नुसते शब्द.

जीपीयूवाला: म्हणून तर म्हणतोय, घरी चालव, नोट्स बाहेर जातच नाहीत. २४ जीबीचं घेतलंस तर अजून बरं.