सर्ज सप्रेसरचं गॅस गेज 7.5 बार दाखवतंय, तरी लाइन ठोकते. चालू लाइनवर गॅस भरू का?

पंपघर_3:

नमस्कार. पाच महिन्यांपूर्वी मी ऑपरेशनमधून मेंटेनन्सला आले. प्रश्न प्राथमिक वाटला तर सांभाळून घ्या, पण चुकीचं काही करण्याआधी विचारलेलं बरं.

आमच्याकडे प्रोसेसच्या पाण्याचे दोन सेंट्रिफ्यूगल पंप आहेत, एक चालू आणि एक राखीव. 100 मिमीची स्टीलची डिलिव्हरी लाइन 900 मीटर लांब आहे. दाब 7.5 बार, वेग सेकंदाला साधारण 1.8 मीटर. शेवटच्या टोकाला हवेवर चालणारा बटरफ्लाय व्हॉल्व्ह आहे, टाकी भरली की तो आपोआप बंद होतो. त्याच्या अलीकडे हातभर अंतरावर ब्लॅडरवाला सर्ज सप्रेसर, म्हणजे ठोका शोषून घेणारी गॅसची बाटली, उभा आहे, 100 लिटरचा.

गेल्या दोन आठवड्यांपासून व्हॉल्व्ह बंद झाला की लाइनीत जोरदार ठोका बसतो. पंपघरापर्यंत ऐकू येतो. सपोर्टवर पाइप घासून रंग गेलाय, आणि कालपासून एक फ्लँज पाझरायला लागलाय.

सप्रेसरच्या डोक्यावरचं गॅस गेज 7.5 दाखवतं. बाटलीवर कुणीतरी कधीकाळी रंगाने मोठा '6' लिहून ठेवलाय. मॅन्युअल सापडत नाही. आमचे एक वरिष्ठ म्हणतात, 6 हवा आणि 7.5 आहे, म्हणजे गॅस जास्त झालाय, थोडा सोडून दे. शिफ्टचा फिटर नेमकं उलट सांगतो: गॅस कमी आहे म्हणूनच ठोकतंय, लाइन चालू असतानाच भरून टाकू. त्यात आमचा नायट्रोजन संपलाय. वर्कशॉपमध्ये वेल्डिंगचा ऑक्सिजन सिलिंडर आहे, तो "तात्पुरता" वापरायची चर्चा चालू आहे.

यातलं कोणाचं ऐकू?


जुना_फिटर:

ताई, तिघांपैकी कोणाचंच ऐकू नका. आणि हे उत्तर वाचताना कोणी ऑक्सिजनचा सिलिंडर उचलून आणत असेल तर आधी त्याला थांबवा, मग पुढचं वाचा.

ऑक्सिजन कधीच नाही, तात्पुरतासुद्धा नाही. चार्जिंगच्या होजमध्ये, गेजमध्ये, थ्रेडवर तेला-ग्रीसचा अंश असतोच. दाबाखालच्या ऑक्सिजनला तो मिळाला तर पेट घ्यायला ठिणगीही लागत नाही. ब्लॅडरचं रबरसुद्धा त्यात जळणारंच. कोरडा नायट्रोजन येईपर्यंत थांबा. तोवर टाकीचा व्हॉल्व्ह ऑटोवरून काढा आणि माणूस उभा करून हाताने, सावकाश बंद करून घ्या.

आता गेजचं. लाइन चालू असताना ते गेज तुम्हाला गॅस किती भरलाय हे सांगतच नाही. ब्लॅडर म्हणजे रबराची पिशवी. आत गॅस, बाहेर पाणी, आणि पिशवी मऊ असल्याने दोन्हीकडचा दाब सारखाच होतो. बाहेर 7.5 असेल तर आतही 7.5 दिसणार. पूर्वी 6 भरलेला असो, 3 असो की 1, काटा तिथेच. फरक पडतो तो पिशवीच्या आकारात, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. गॅस कमी असेल तर पिशवी चुरगळून वर लहानशा गोळ्यासारखी होते, बाकी बाटली पाण्याने भरून जाते आणि ठोका गिळायला जागाच उरत नाही. तुमच्या वरिष्ठांचं ऐकून गॅस सोडला असता तर उरलासुरला गोळाही गेला असता.

तो '6' म्हणजे प्रीचार्ज असणार. बाटलीच्या पाण्याच्या बाजूला दाब शून्य असतानाचा गॅसचा दाब. 7.5 च्या 80 टक्के बरोबर 6 येतो, म्हणजे लिहिणाऱ्याला माहीत होतं तो काय करतोय. फक्त अर्धंच लिहिलं.

चालू लाइनवर भरलात तर किती भरलं हे कळायला मार्गच नाही. काटा 7.5 च्या आसपास घुटमळत राहील आणि पिशवी आत फुगत जाईल. मग लाइनचा दाब उतरला की ती तळाच्या पॉपेटवर (पाण्याच्या तोंडावरची झडप) आपटून चिरते.

मी असं करायचो. पंप बंद, लॉक आणि टॅग (कुलूप आणि सूचनेची चिठ्ठी, कोणी चुकून चालू करू नये म्हणून). लाइन आणि बाटलीमधला आयसोलेशन व्हॉल्व्ह बंद, त्यालाही लॉक. पंप थांबला म्हणजे लाइनीतला दाब गेला असं धरू नका, पंपापाशी एनआरव्ही (पाणी उलट जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) चांगला असेल तर तो दाब तासन् तास धरून ठेवतो. मग बाटलीचा ड्रेन हळू उघडा आणि उघडाच ठेवा. पाणी येईल, थांबेल, पुन्हा थोडं येईल. पूर्ण थांबलं आणि पाण्याच्या बाजूचं गेज शून्यावर आलं, की मग गॅसचं गेज वाचा. तो तुमचा खरा प्रीचार्ज.

भरताना सिलिंडरला रेग्युलेटर हवाच. भरलेल्या सिलिंडरमध्ये 150 बार किंवा त्याहून जास्त असतात आणि तुम्हाला हवेत 6. पहिले एक-दोन बार अगदी हळू जाऊ द्या. पिशवी घडी पडून बसलेली असते, झटक्याने फुगवली तर पॉपेटखाली अडकून फाटते. ड्रेन या सगळ्या वेळात उघडाच. भरून झालं की लगेच आकडा लिहू नका. गॅसचं तापमान आजूबाजूच्या हवेशी जुळेपर्यंत थांबा, मग पुन्हा वाचा. आकडा हललेला असतो.

एक गोष्ट मात्र सविस्तर सांगायची आहे. पाण्याची बाजू रिकामी केली म्हणजे बाटली रिकामी झाली, असं नाही. आत गॅस आहेच. मी नोकरीला लागून थोडेच दिवस झाले होते. ब्लॅडर बदलायचा होता. ड्रेन उघडला, पाणी गेलं, खालचं गेज शून्य. माझ्याबरोबरच्या मुलाने वरच्या झाकणाचे बोल्ट सैल करायला घेतले. गॅस सोडायचा राहिला होता आणि वरच्या गेजचा कॉक बंद होता, त्यामुळे तेही शून्यच दाखवत होतं. झाकण साधारण 200 मिमी व्यासाचं होतं. 6 बारने त्यावर जवळपास 1,900 किलोचा रेटा येतो. शेवटचे दोन बोल्ट झाकणासकट गेले. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. मी पाना आणायला चार पावलं मागे गेलो होतो, म्हणून मी धड आहे. तो माझ्याच वयाचा होता.

म्हणून नुसता दाब तपासायचा असेल तर झाकणाला हात लावायचा नाही. झाकण काढायचं असेल तर आधी गॅस पूर्ण सोडायचा, तोही चार्जिंग किटच्या ब्लीडमधून, आणि आधी तो कॉक उघडा आहे का ते पाहायचं. तुमच्या बाटलीतून 600 लिटर नायट्रोजन बाहेर येईल. त्याला वास नाही, रंग नाही. बाटली व्हॉल्व्हच्या खड्ड्यात किंवा बंद खोलीत असेल तर होज लावून गॅस बाहेर मोकळ्या हवेत सोडा, आणि त्या वेळी आत एकटं कोणी थांबू नये.


प्रवाहगणित:

जुन्या फिटरसाहेबांनी सांगितलेलं आकड्यांत मांडतो, वरिष्ठांना दाखवायला उपयोगी पडेल.

आधी ठोका किती मोठा, ते. वाहतं पाणी एकदम अडवलं तर वाढणारा दाब म्हणजे घनता गुणिले पाण्यातल्या दाबाच्या लहरीचा वेग गुणिले प्रवाहाच्या वेगातला बदल. जुकोव्स्कीने मॉस्कोच्या पाण्याच्या नळांवर प्रयोग करून 1898 मध्ये हे मांडलं, आजही सुरुवात इथूनच होते. स्टीलच्या पाइपात लहर सेकंदाला साधारण 1,300 मीटर जाते. तुमचा वेग 1.8. म्हणजे सुमारे 23 बारची भर, वर मूळचे 7.5. लाइनीतलं पाणी 7 टन आहे आणि ते सगळं चालत असतं, हे लक्षात घेतलं की आकड्याचं आश्चर्य वाटत नाही.

आता बाटली. 6 बार प्रीचार्ज असेल तर 7.5 च्या लाइनवर गॅस 82 लिटर जागा व्यापतो (हिशोब निरपेक्ष दाबात, म्हणजे गेजच्या आकड्यात हवेचा 1 बार मिळवून: 7 गुणिले 100 भागिले 8.5). प्रीचार्ज गळून 1 बारवर आला असेल तर फक्त 23-24 लिटर. दोन्ही वेळा गेज 7.5. तुमच्या लाइनमधून सेकंदाला 14 लिटर पाणी वाहतं. समजा व्हॉल्व्ह बंद होताना त्यातलं 10 लिटर बाटलीत शिरलं. गॅस झटक्यात दाबला जातो तेव्हा दाब काढताना आकारमानाच्या गुणोत्तराला घातांक 1.4 धरायचा. पहिल्या बाटलीत दाब 9.2 बारपर्यंत जाईल, दुसरीत 17 च्या पुढे. हे सोपं केलेलं चित्र आहे, पण फरक कुठून येतो ते यात दिसतं.

80 टक्क्यांबद्दल एक सावधगिरी. व्हॉल्व्ह बंद होताना येणाऱ्या वाढीव दाबासाठी तो आकडा ठीक. पंप अचानक ट्रिप होऊन लाइनीत दाब खाली जाण्याची भीती असेल तर बाटलीत आधीपासून भरपूर पाणी असावं लागतं, म्हणजे प्रीचार्ज कमी हवा. तो हिशोब वेगळा आणि प्रत्येक लाइनसाठी नव्याने करायचा असतो.

आणि माझा एक प्रश्न. व्हॉल्व्ह बंद व्हायला किती सेकंद लागतात? लहर 900 मीटर जाऊन परत यायला जवळपास 1.4 सेकंद घेते. त्याहून लवकर बंद होत असेल तर पूर्ण ठोका बसतो. शिवाय बटरफ्लायमध्ये प्रवाह खरा अडतो तो शेवटच्या टप्प्यात, त्यामुळे घड्याळातली वेळ फसवते.


डोसिंगवाला:

एकच भर. गॅसच्या व्हॉल्व्हची पिन दाबल्यावर फवाऱ्यात पाणी आलं तर ब्लॅडर फाटलाय, मग गॅस भरत बसू नका. आणि नवा ब्लॅडर मागवताना द्रव कोणता ते लिहून द्या. आमच्याकडे एकदा तेलाच्या लाइनवर ईपीडीएम रबराचा बसवला गेला. पाण्याला तो उत्तम, पण तेलात काही दिवसांतच फुगून पिलपिलीत झाला. तेलाला एनबीआर रबर.


पंपघर_3:

सगळ्यांचे मनापासून आभार. ऑक्सिजनचा विषय त्याच संध्याकाळी मिटला. जुन्या फिटरसाहेबांची पोस्ट मी शिफ्टच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवली. झाकणाची गोष्ट झाल्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही.

काल शटडाउन मिळाला. लॉक, टॅग, मग ड्रेन. पाणी येतच राहिलं, बादल्यांवर बादल्या. गॅसचं गेज उतरत उतरत 1.2 वर थांबलं. ज्यांनी गॅस सोडायला सांगितलं होतं ते वरिष्ठ शेजारीच उभे होते. त्यांनी स्वतः वाकून काटा पाहिला आणि वहीत सही केली.

पिन दाबली तर कोरडा गॅस आला, म्हणजे ब्लॅडर शाबूत. साबणाच्या पाण्याने गॅसच्या व्हॉल्व्हच्या कोअरपाशी (पिन असलेला आतला भाग) बारीक बुडबुडे दिसले. गॅस पूर्ण सोडून कोअर बदलला, मग नायट्रोजन हळूहळू 6.0 पर्यंत भरला. वीस मिनिटांनी पाहिलं तर 5.8, पुन्हा 6.0 केला. दुसऱ्यांदा थांबल्यावर हलला नाही.

प्रवाहगणित, व्हॉल्व्हची वेळ मोजली. एका सेकंदाच्या आत! दोन आठवड्यांपूर्वी ॲक्च्युएटरची (हवेवर व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या भागाची) सर्व्हिसिंग झाली होती, तेव्हा एक्झॉस्टवरचा स्पीड कंट्रोलर पूर्ण उघडा राहिला. म्हणजे बाटली कदाचित महिनोन् महिने अशीच होती, व्हॉल्व्ह सावकाश चालत होता म्हणून कळलं नाही. आता 8 सेकंदांवर आणलाय.


जुना_फिटर:

छान केलंत. कोअरच्या वरची टोपी बसवली का? खरं सील तीच करते, आणि तीच हरवलेली असते. आठवड्याने पुन्हा तपासा, मग महिन्याने. आकडा टिकला तर पुढे अंतर वाढवा. लाइन चालू करताना आधी ड्रेन बंद, मग आयसोलेशन व्हॉल्व्ह सावकाश उघडायचा आणि उघड्यावरच लॉक करायचा. तो चुकून बंद राहिला तर बाटली असून नसल्यासारखी.


प्रवाहगणित:

वाचताना तापमानही लिहा. 15 अंशांना 6 भरलेला गॅस 40 अंशांना 6.6 दाखवतो, गळती नसतानाही. थंडीत उलटं होतं आणि लोक उगाच भरत बसतात.


पंपघर_3:

टोपी नव्हतीच! स्टोअरमधून नवी आणून बसवली. आयसोलेशन व्हॉल्व्ह उघडा ठेवून साखळी लावली.

आज व्हॉल्व्ह ऑटोवर टाकून चार वेळा बंद करून पाहिला. कमाल दाब धरून ठेवणारं गेज लावलं होतं, सर्वांत जास्त 10.1 गेलं. ठोका ऐकू आला नाही. फ्लँजचं गॅस्केट बदललं, आता कोरडा आहे.

बाटलीवरचा '6' घासून काढला आणि नवीन रंगवलं: "प्रीचार्ज 6 बार, नायट्रोजन. ड्रेन उघडा व पाण्याचा दाब शून्य असतानाच वाचा. 31 अंशांना भरला. झाकणाआधी गॅस सोडा."