मदत हवी आहे: १८९३ मध्ये नको असलेलं हवाई अमेरिकेला १८९८ मध्ये का हवंसं झालं?

अभ्यासगटात पुढच्या आठवड्यात यावर बोलायचं आहे आणि माझी गाडी एका जागी अडली आहे.

दूरची बेटं गळ्यात घ्यायला अमेरिकेचा जुना विरोध. १८७० मध्ये अध्यक्ष ग्रँट यांनी सांतो दोमिंगो (आजचं डोमिनिकन रिपब्लिक) जोडून घ्यायचा करार आणला, तो सेनेटनं पाडला. जानेवारी १८९३ मध्ये हवाई बेटांची राजधानी होनोलुलू इथल्या गोऱ्या व्यापारी-मळेवाल्यांनी राणी लिलिउओकलानीला पदच्युत केलं, देश आयता समोर आणून ठेवला, तरी अध्यक्ष क्लीव्हलँड यांनी विलीनीकरणाचा करार सेनेटमधून मागे घेतला. आणि ७ जुलै १८९८ ला अध्यक्ष मॅकिन्ली यांनी त्याच बेटांच्या विलीनीकरणावर सही केली!

नेहमीचं उत्तर बाजारपेठेचं: १८९३ ची मंदी, न खपणारा माल. ते मला पटत नाही, कारण अमेरिकेची बहुतेक निर्यात तेव्हा युरोपात जात होती. त्यासाठी प्रशांत महासागरातली बेटं कशाला?

मला कोळसा महत्त्वाचा वाटतो. शिडाच्या जहाजाला वारा पुरे, वाफेच्या युद्धनौकेला वाटेत कोळसा भरायला स्वतःचं बंदर लागतं. १८९० मध्ये काँग्रेसनं तीन मोठ्या युद्धनौका मंजूर केल्या. त्यातली ‘ऑरेगॉन’ १८९८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून दक्षिण अमेरिकेला वळसा घालून फ्लोरिडाला पोचली, तर दोन महिन्यांहून अधिक लागले. म्हणजे आरमार आधी आणि बेटांची गरज मागाहून, असं म्हणता येईल का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:
कोळशाचा मुद्दा बरोबर आहे, पण तेवढ्यानं भागत नाही. आरमार १८९७ मध्येही होतं, तरी मॅकिन्लींचा हवाईच्या विलीनीकरणाचा करार सेनेटमध्ये रखडलाच. त्याविरुद्ध हवाईच्या २१,००० हून अधिक मूळ रहिवाशांनी अर्जावर सह्या केल्या होत्या, आणि कराराला लागणारी दोन तृतीयांश मतं जमेनात. मग स्पेनशी युद्ध पेटलं आणि १ मे १८९८ ला अमेरिकी आरमाराच्या ड्यूई यांनी स्पेनच्या ताब्यातल्या फिलिपिन्समध्ये, मनिलाच्या उपसागरात, स्पॅनिश आरमार बुडवलं. तिकडे सैन्य नेणारी जहाजं जूनमध्ये होनोलुलूला थांबली. या काळात मात्र करार बाजूला ठेवून काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांचा संयुक्त ठराव मंजूर करून घेतला गेला. त्याला साधं बहुमत पुरतं. त्यामुळे ‘देशाचं मन बदललं’ असं सरसकट म्हणू नका. फिलिपिन्स मिळवून देणारा तहसुद्धा सेनेटमध्ये ५७ विरुद्ध २७ असा, गरजेपेक्षा एकच मत जास्त पडून, कसाबसा तरला.

धागाकर्ता:
मनापासून आभार! संयुक्त ठरावाची वाट माझ्या लक्षातच आली नव्हती, आता मांडणी तिथूनच सुरू करतो. अजून एक विचारतो. युद्धात उतरतानाच काँग्रेसनं युद्धाच्या ठरावाला जोडलेल्या टेलर दुरुस्तीनं स्पेनच्या ताब्यातला क्युबा बळकावणार नाही असा शब्द दिला होता. फिलिपिन्सबद्दल तसा शब्द कोणी का मागितला नाही? तेव्हा मनिला कोणाच्या डोक्यातच नव्हतं का?